विश्लेषण : ऑफिसला जाताना पिल्लाला क्रेटमध्ये ठेवावे का?

नवरा-बायको दोघेही नोकरीला, फ्लॅट वन-बीएचके आणि घरात तीन महिन्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू. संध्याकाळी दार उघडावे तर सोफ्यातला कापूस हॉलभर. मग कुणीतरी क्रेट सुचवते. तारेचा पिंजरा ऑनलाइन येतो आणि दुसऱ्याच दिवशी पिल्लू आत, दाराला कडी! दुपारभर रडारड होते, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार येते.

चुकते कुठे?
कुत्र्याला गुहेसारखी जागा आवडते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. आवडते ती स्वतःहून शिरलेली जागा. म्हणून सुरुवातीचे काही दिवस क्रेटचे दार उघडेच ठेवावे. जेवणाचे भांडे आधी दाराशी, मग आत सरकवावे. पिल्लू खात असताना दार मिनिटभर लावावे, खाणे संपायच्या आत उघडावे. हे जमले की जवळ बसून पाच मिनिटे, मग दुसऱ्या खोलीत जाऊन दहा. रडू लागले तर आधी शू-शी लागली आहे का पाहावे. नसेल तर पुढच्या वेळी वेळ कमी करावा. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. शिक्षा म्हणून एकदा जरी आत कोंडले, तरी केलेली मेहनत वाया जाऊ शकते.

किती तास?
ढोबळ हिशेब असा : वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास पिल्लू फार तर लघवी रोखते. म्हणजे तीन महिन्यांचे पिल्लू चार तास, तेही कमाल. ऑफिस आणि लोकलचा प्रवास धरून दहा तास होत असतील, तर क्रेट हा उपाय नाहीच. दुपारी शेजारच्या काकूंनी किंवा पगारी माणसाने येऊन पिल्लाला बाहेर काढायलाच हवे. जास्त वेळ कोंडलेले पिल्लू अंथरुणातच घाण करते आणि मग ती सवय मोडणे अवघड जाते.

आत काय असावे?
उभे राहता, वळता, पाय पसरून झोपता येईल एवढी जागा. पाणी. पोकळ रबरी खेळण्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेला बिनमिठाचा दहीभात पिल्लाला बराच वेळ गुंतवतो. गळ्यातला पट्टा मात्र काढावाच. तो तारेत अडकून फास बसू शकतो. उन्हाळ्यात क्रेट बाल्कनीत नको.

पिल्लू सतत धापा टाकत असेल, लाळ गाळत असेल, गज चावून हिरड्या रक्ताळत असेल, तर तो हट्ट नव्हे, एकटेपणाची भीती आहे. अशा वेळी क्रेट बंद करून पशुवैद्याला गाठावे.