दगाबाजाची पहिली भेट

सकाळी ९. मीटिंगा सुरू व्हायच्या आधीचा तास मी संवादलेखनासाठी राखून ठेवते. आमच्या रोल-प्लेइंग गेममधला वाटाड्या पुढे दगा देणार आहे आणि त्याची पहिली भेट आज लिहायची आहे. दगा कधी द्यायचा हे केव्हाच ठरलंय. खेळणाऱ्याने त्याला आपणहून सोबत घ्यावं, हे खरं अवघड काम.

१०. सगळ्यांना बोलावून ‘बाल्डर्स गेट २’ची सुरुवात लावली. बायोवेअरचा २०००चा गेम. खलनायक आयरेनिकसच्या भुयारातून सुटताना योशिमो भेटतो, हसतमुख आणि मदतीला तयार. बाहेर पडतो न पडतो तोच आपली सोबतीण इमोएन हिला जादूगार पकडून नेतात. कुलपं उघडणारी, सापळे निकामी करणारी तीच होती. मूळ गेममध्ये निव्वळ चोर म्हणावा असा एकटा योशिमोच उरतो. मग आपण त्याच्या जखमा भरतो, त्याला चांगली शस्त्रं देतो, लढाया जिंकून त्याला तयार करतो. पुढे स्पेलहोल्डच्या तुरुंगात कळतं की तो पहिल्यापासून आयरेनिकसच्या जादूने बांधलेला होता. आपणच वाढवलेला माणूस आपल्यावर शस्त्र उपसतो. तो मेल्यावर त्याचं हृदय इल्मातरच्या देवळात पोचवता येतं, आणि ते पोचवावंसं वाटतं! त्याच्यावरचा विश्वास गोड बोलण्यातून आलेला नाही. आपल्या गरजेतून आलाय. इतकी वर्षं झाली, तरी मला यापेक्षा सरस मांडणी सापडलेली नाही.

११.३०. प्रोग्रामर म्हणाला, “अगं, पण आपल्या वाटाड्याच्या डोळ्यांत थोडी लबाडी दाखवू या की.” मी नाही म्हटलं. लबाडी दाखवायची तर ॲस्टेरियनसारखी उघड दाखवावी. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) तो मदतीसाठी हाक मारतो आणि जवळ गेलं की गळ्याला सुरी लावतो. तिथे संशय पहिल्या मिनिटालाच मांडून ठेवलाय. तो रक्तपिपासू आहे हे मात्र पुढे एका रात्री मुक्कामावर समजतं. ही दुसरी वाट झाली, तीही उत्तम. पण दोन्ही एकत्र केल्या तर आमच्या वाटाड्याला कोणी सोबत घेणारच नाही.

१. डबा.

२ ते ५. दार लावून लिहीत बसले. पुराव्याची एक खूण पहिल्याच भेटीत हवी. ‘पर्सोना ५’मध्ये पुढे दगा देणारा अकेची पहिल्या भेटीत सहज पॅनकेकचा उल्लेख करतो. तो शब्द मोर्गाना मांजराच्या तोंडचा, आणि मोर्गानाची भाषा कळते ती गेममधल्या दुसऱ्या, अद्भुत जगात जाऊन आलेल्यालाच. सगळं कानांवर पडलेलं असतं, पण लक्षात कोण घेतं! मी आमच्या वाटाड्याला धुक्यात, कोणी न सांगता, डावी वाट धरायला लावली. खेळणाऱ्याची पायपीट वाचते म्हणून तो खूश. वाट याला आधीपासून ठाऊक कशी, हे विचारायचं राहून जातं. त्याच्या तोंडची तीन गोड वाक्यं मग काढून टाकली.

६. नवी टेस्टर खेळायला बसली. तिने वाटाड्याला लगेच सोबत घेतलं, स्वतःचं धनुष्यही त्यालाच दिलं. पुढच्या गावात पोचल्यावर मला विचारते, “ताई, याच्या मापाचं चिलखत कुठे मिळेल?”

६.३०. ॲनिमेशनच्या टीमला निरोप लिहिला: दग्याच्या प्रसंगात त्याला नवा पोशाख नको. खेळणाऱ्याने त्याला शेवटचं जे चिलखत घातलं असेल, तेच अंगावर राहू द्या.