बडोद्याचे कलाभवन आणि आमची बंद कार्यशाळा

गेल्या महिन्यात आमच्या शाळा समितीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, कार्यशाळेतील जुने साहित्य निर्लेखित करून खोली मोकळी करण्याचा. या खोलीत एकेकाळी आठवी ते दहावीची मुले सुतारकाम आणि जोडकाम शिकत. शिकविणारे शिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही आणि दाराला कुलूप लागले. आता तेथे संगणक ठेवावयाचे आहेत, शिवाय इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरवावयाचा आहे. त्यात विरोध करण्यासारखे काही नाही. पण चर्चेच्या ओघात एक पालक प्रतिनिधी बोलून गेले, ‘सर, मराठीत कानस घासायला शिकून आजवर कुणाचं भलं झालंय?’ मी समितीचा सदस्य आणि तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस. तरी त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. साहित्याची यादी तपासून पुढील बैठकीत मांडावी असे ठरले आणि ते काम ओघानेच माझ्याकडे आले.

डेडस्टॉक रजिस्टर उघडून बसलो. पहिल्या पानांवरचे अक्षर वळणदार, शाई फिकी. रंधे, पटाशा, करवती, गुण्या, गिरमिट, शेगडे, कानशी सपाट व गोल, ऐरण एक, सांडशा, घण. पुढे अक्षर बदलते आणि शब्दही बदलतात. शेगड्याचा ‘बेंच व्हाइस’ होतो, गुण्याचा ‘ट्राय स्क्वेअर’, कानशीची ‘फाइल’. लिपी देवनागरीच, पण नावे दुसरी. हत्यारे तीच, त्याच फळीवर ठेवलेली. हा बदल कोणी हुकूम काढून केलेला नाही. कर्नाटक सरकारने नाही, दिल्लीनेही नाही. आमच्याच एका गुरुजींनी, बहुधा दुकानदाराच्या पावतीवरून उतरवून घेताना तो केला. सीमाभागात आपण भाषेवरचे अन्याय मोजतो आणि ते मोजलेच पाहिजेत. पण ही नोंद कोणत्या खात्यात टाकावी हे मला अजून ठरविता आलेले नाही.

रजिस्टर मिटताना मला बडोद्याचे कलाभवन आठवले. तेथील आमच्या नातलगांकडे एका दिवाळीत गेलो होतो. दांडिया बाजारात अजून मराठी कानावर पडते, आणि तेथून कलाभवनाची वास्तू चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. आत ये-जा करणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल की येथे एके काळी कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच बोलीतून रंग, यंत्र आणि इमारत शिकविण्याचा घाट घातला गेला होता?

कलाभवन स्थापन झाले १८९० मध्ये. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आलेले. त्यांना माणूस मिळाला तो प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर सुरतेचे, सुतारकामाची परंपरा असलेल्या घराण्यातले आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. हातात हत्यार धरणारा आणि पुस्तक वाचणारा हे दोघे आपल्याकडे सहसा एका घरात जन्मत नाहीत. येथे ते जन्मले, आणि कलाभवनाचे सारे वेगळेपण मला तरी त्यातून आलेले दिसते.

गज्जरांचा आग्रह असा की धंदेशिक्षण मुलाच्या भाषेतून द्यावे. चित्रकला, इमारतकाम, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम हे सारे देशी भाषेतून. आता ही देशी भाषा कोणती, येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. राजा मराठी, राजवाडा मराठी, सरदार मानकरी मराठी. पण बडोदे राज्याची बहुसंख्य प्रजा गुजराती बोलणारी. म्हणून कलाभवनाची भाषा मुख्यत्वे गुजराती राहिली. राजाने आपली भाषा रयतेच्या मुलांच्या जिभेवर लादली नाही. ज्याला शिकावयाचे त्याची भाषा कोणती, एवढाच प्रश्न विचारला गेला. बेळगावच्या माणसाला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. सांगावयाचे असेल तर ते बंगळुरात सांगावे लागेल. आणि जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांचा विषय निघेल तेव्हा मुंबईतही सांगावे लागेल.

शब्दांवाचून पुस्तक होत नाही आणि पुस्तकावाचून वर्ग चालत नाही. म्हणून महाराजांनी देशी भाषांतून शास्त्रीय व औद्योगिक पुस्तके तयार करण्यासाठी ५०,००० रुपये मंजूर केले. ही रक्कम त्या काळची, जेव्हा शाळेतल्या शिक्षकाचा महिन्याचा पगार बोटांवर मोजता येई. ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या नावाने ग्रंथमाला निघाली. रंगविद्येला वाहिलेले ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक गज्जरांनी गुजरातीतून चालविले. केवळ कापड रंगविण्याच्या शास्त्रावर, रंगाऱ्यांच्या भाषेत, शंभरापेक्षा अधिक वर्षांपूर्वी! आज आपल्याकडे असे एखादे मासिक काढावयाचे म्हटले तर वर्गणीदार मिळतील का याची मला शंका आहे.

गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस गेले आणि पुस्तकांची ती मोठी योजना मनाजोगी तडीस गेली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे अडचण पैशाची नव्हती, ती राज्याच्या हद्दीची होती. कलाभवनात शिकलेला मुलगा हद्दीबाहेर पडून नोकरी मागू लागला की समोरचा साहेब इंग्रजीत बोलणार. गिरणीतल्या यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत, रंगाच्या डब्यावरचे लिखाण परदेशी. एका संस्थानाने कितीही मनावर घेतले तरी बाजारपेठ त्याच्या हातात नव्हती. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, कलाभवन त्यात विलीन झाले आणि शिकविण्याची भाषा इंग्रजी झाली.

जाता जाता गज्जरांची एक हकीकत सांगावीशी वाटते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये डांबर फासले होते. ते डाग कोणाला निघेनात, ते काढले गज्जरांनी. आपल्या मराठी मनाला ही गोष्ट थोडी खटकते, पण रसायनशास्त्राला पक्ष नसतो.

मग ‘कुणाचं भलं झालं’? त्रिंबकेश्वरचा एक मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास आला आणि कलाभवनात चित्रकलेबरोबर वास्तुकाम, नमुने बनविणे, छायाचित्रण यांत रमला. गज्जरांनी त्याचा कल ओळखून त्याला छायाचित्रणाची दालने खुली केली, छपाईच्या ठशांचे तंत्र शिकावयास रतलामला धाडले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा कॅमेरा, रसायन, पडदे, सुतारकाम या साऱ्यांत फाळक्यांचा स्वतःचा हात होता. १९०७ मध्ये बडोद्यात उभ्या राहिलेल्या अलेम्बिक या रासायनिक कारखान्याच्या मुळाशीही गज्जरच होते, आणि त्यांच्या जोडीला अमीन व कोटीभास्कर. एक गुजराती, एक मराठी. प्रयोगशाळेत दोघांचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

पण बडोदे दूर आहे, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच जिल्ह्यातले पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, यंत्रांच्या आराखड्यांत गुंतले आणि वर उल्लेखिलेल्या ज्युबिली संस्थेतच शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावास परतले. येथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान होते. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर झाला. तो वर्ष-दोन वर्षे खपेना. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्याची धास्ती. ती धास्ती इंग्रजी पत्रकाने जाणारी नव्हती. शेताच्या बांधावर उभे राहून शेतकऱ्याशी त्याच्या शब्दांत बोलावे लागले. नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी झाली म्हणून १९१० मध्ये ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याची सुरुवात कारखान्याच्या बातम्यांनीच झाली. म्हणजे मराठीतील एक नामांकित मासिक लोखंडाच्या भट्टीशेजारी जन्मले. वाङ्मयाच्या इतिहासात हे सांगतात खरे, पण भट्टीचा भाग घाईने उरकतात.

यादीचे काम हाती होते म्हणून मी एका संध्याकाळी उद्यमबागेत गेलो. आमचा एक माजी विद्यार्थी तेथे ओतकामाच्या कारखान्यात पाळीचा मुकादम आहे. दीड तास नुसता ऐकत उभा राहिलो. ‘पेटी उचल’, ‘साचा बसला का बघ’, ‘रस आला, बाजूला व्हा’. मधेच एक कन्नड वाक्य, मधेच हिंदी, ‘कोअर’ आणि ‘पॅटर्न’ तर सर्रास. ओतणारा कन्नड, साचा धरणारा मराठी, आणि ‘भट्टी’ हा शब्द दोघांचा. आटे पाडणारा मुलगा बिहारचा, तोही ‘आटे’ म्हणावयास शिकला आहे. शुद्ध मराठी शोधावयास गेलो असतो तर निराश होऊन परतलो असतो. पण मला जे ऐकू आले ते जिवंत होते. मी मुकादमाला विचारले, हे शब्द तुला कोणी शिकविले? तो म्हणाला, ‘अर्धे बाबांनी, अर्धे आपल्या शाळेतल्या सुतारकामाच्या सरांनी. फाइल म्हणजे कानस, हे मात्र इथं येऊन कळलं. आधी वाटायचं काहीतरी दुसरंच असेल.’ नाव इंग्रजी निघाले तरी वस्तू हाताच्या ओळखीची होती, त्यामुळे त्याचे काही अडले नाही. ज्याला नुसते नाव पाठ आहे आणि हाताला ओळख नाही, त्याचे अडते. अशी मुले मी वर्गात रोज पाहतो.

दुसरे टोकही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरला जोडारी, टर्नरला कातारी आणि वेल्डरला संधाता म्हणतात. जोडारी, कातारी चांगलेच रुजणारे आहेत. संधाता हा शब्द मात्र कोणा वेल्डरने स्वतःविषयी वापरलेला मी ऐकलेला नाही. सयाजीरावांनीच १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा राज्यकारभाराचा कोश काढविला. मोठे काम, पण कचेरीचे. कार्यशाळेचा शब्द कचेरीत बसून होत नाही, तो ऐकून टिपावा लागतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी अभ्यासक्रम चालविण्यास संमती दिली, तेव्हा मला आनंद झाला आणि धाकधूकही वाटली. पुस्तके कोणाच्या कानांनी लिहिली जाणार?

आमच्या शाळेत खंडेनवमीला कार्यशाळेत हत्यारांची पूजा होई. मुले आदल्या दिवशी एकेक पटाशी घासून, तेल लावून मांडत. झेंडूची माळ ऐरणीला. कुलूप लागल्यापासून ही पूजा मुख्याध्यापकांच्या खोलीत संगणकाची होते.

यादी आता पूर्ण झाली आहे. पहिल्या रकान्यात जुने मराठी नाव, दुसऱ्यात पुढे रूढ झालेले, तिसऱ्यात कारखान्यात ऐकलेले, मग ते कोणत्याही भाषेतले असो. तीन शेगडे वापरण्याजोगे आहेत, रंध्यांची पाती परजावी लागतील, ऐरणीला काहीच झालेले नाही. संगणकांना खोलीचा अर्धा भाग पुरतो, हे मी टेप लावून मोजले आहे. शनिवारी दोन तास शिकविण्यास तो मुकादम तयार आहे, मानधन घेणार नाही म्हणतो. बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, आणि विषय पुन्हा चौथाच आहे.