शूबिच, पाव्हाओ पहिला
(सु. १२४५ – १ मे १३१२). मध्ययुगीन क्रोएशियाचा बान (राजप्रतिनिधी), बॉस्नियाचा अधिपती व ब्रिबिरच्या शूबिच घराण्यातील सर्वांत प्रबळ सरदार. लॅटिन कागदपत्रांत त्याचा उल्लेख पाउलुस असा येतो. डॅल्मेशियाच्या किनाऱ्यापासून काहीसे आत, स्क्रादिन नगराच्या परिसरात असलेला ब्रिबिर हा किल्ला या घराण्याचे मूळ ठाणे होय. पाव्हाओचा पिता स्तेप्को याच्या निधनानंतर (१२७४) घराण्याची सूत्रे पाव्हाओ, म्लादेन व यूराय (जॉर्ज) या तीन भावांकडे आली. पाव्हाओ लवकरच क्रोएशियाचा बान झाला.

क्रोएशिया व हंगेरी ही राज्ये ११०२ पासून एकाच राजाच्या अंमलाखाली होती. हंगेरीचा राजा क्रोएशियाचा कारभार बानमार्फत चालवी. हे पद तत्त्वतः राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र राजसत्ता दुर्बल झाली व प्रादेशिक सरदार प्रबळ बनले. या परिस्थितीचा सर्वाधिक लाभ पाव्हाओने करून घेतला. स्प्लिट, त्रोगिर, शिबेनिक इ. किनारी नगरांच्या प्रमुखपदी त्याने स्वतःची किंवा आपल्या आप्तांची निवड करवून घेतली आणि त्यायोगे एड्रिॲटिक समुद्रावरील व्यापारमार्गांवर आपला प्रभाव प्रस्थापित केला.

लाझ्लो चौथा या राजाचा १२९० मध्ये निःसंतान अवस्थेत वध झाला. त्यानंतर हंगेरीच्या सिंहासनावर आर्पाद घराण्यातील अँड्रू तिसरा आरूढ झाला. परंतु लाझ्लोची बहीण व नेपल्सची राणी मेरी हिने आपला पुत्र चार्ल्स मार्टेल याचा हक्क पुढे केला. डॅल्मेशिया व नेपल्स यांमधील सागरी दळणवळण सुलभ असल्याने दोन्ही पक्षांना पाव्हाओच्या साहाय्याची निकड होती. चार्ल्स मार्टेलने १२९२ मध्ये त्यास व त्याच्या भावांना क्रोएशियातील विस्तृत प्रदेश बहाल केला. १२९३ मध्ये अँड्रूने बानपद त्याच्या घराण्याकडे वंशपरंपरेने राहील, असे मान्य केले व १२९५ मध्ये नेपल्सच्या दरबाराने त्याच हक्कास पुष्टी दिली. अशा रीतीने एकाच पदाची सनद दोन प्रतिस्पर्धी सत्तांकडून मिळवून पाव्हाओने राजनियुक्त अधिकाराचे वंशपरंपरागत सत्तेत रूपांतर केले. शिबेनिकला १२९८ मध्ये स्वतंत्र बिशपपीठाचा दर्जा मिळाला, त्यामागेही शूबिच घराण्याचा पाठपुरावा होता.

चार्ल्स मार्टेलच्या मृत्यूनंतर (१२९५) पाव्हाओने त्याचा पुत्र चार्ल्स रॉबर्ट याचा पक्ष घेतला. १३०० मध्ये हा बालराजपुत्र नेपल्सहून स्प्लिट येथे उतरला व पुढे झाग्रेबला गेला. जानेवारी १३०१ मध्ये अँड्रू मरण पावला व आर्पाद घराण्याची पुरुषशाखा संपुष्टात आली. चार्ल्स रॉबर्टला सर्वमान्यता मिळण्यास व सेंट स्टीव्हनच्या मुकुटाने त्याचा राज्याभिषेक होण्यास १३१० साल उजाडले. तथापि त्याच्या यशाचा पाया पाव्हाओच्या पाठिंब्याने घातला गेला होता.

दरम्यान १२९९ पासून पाव्हाओ स्वतःस बॉस्नियाचा अधिपती म्हणवू लागला. तेथील कारभार त्याने म्लादेनकडे सोपविला. परंतु १३०४ मध्ये म्लादेन मारला गेला. त्यानंतर पाव्हाओने स्वतः मोहीम करून १३०५ मध्ये संपूर्ण बॉस्नियाचा अधिपती हे बिरुद धारण केले. त्याच्या नावाने चांदीची नाणीही पाडण्यात आली. १३११ मध्ये झादार नगराने व्हेनिसविरुद्ध बंड करून पाव्हाओचा पुत्र म्लादेन दुसरा यास आपला प्रमुख निवडले. या संघर्षाचा निर्णय लागण्यापूर्वीच पाव्हाओ मरण पावला.

म्लादेन दुसरा बान झाला. पण वडिलांचे मुत्सद्दीपण त्याच्यापाशी नव्हते. झादारने १३१३ मध्ये व्हेनिसचे प्रभुत्व पुन्हा मान्य केले. पुढे किनारी नगरे, असंतुष्ट सरदार व त्याचा स्वतःचा भाऊ पाव्हाओ दुसरा हे त्याच्याविरुद्ध एकत्र आले. ब्लिस्काच्या लढाईत (१३२२) त्याचा पराभव झाला. चार्ल्स रॉबर्टने त्यास कैद करून हंगेरीत नेले व वंशपरंपरागत बानपद संपुष्टात आणले. ज्या राजास पाव्हाओने सिंहासनाचा मार्ग मोकळा करून दिला, त्यानेच शूबिच घराण्याची सत्ता मोडली. सिंहासनाच्या वादामुळे वाढलेली ही सत्ता तो वाद मिटताच निराधार झाली, असे म्हणता येईल. १३४७ मध्ये घराण्याच्या एका शाखेने ओस्त्रोव्हित्सा किल्ला राजाला देऊन त्याबदल्यात झ्रिन येथील जहागीर स्वीकारली. हीच शाखा पुढे झ्रिन्स्की या नावाने क्रोएशियाच्या इतिहासात प्रसिद्धीस आली.