क्लचची गळती आणि हमीपत्राची कलमे

खंबाटकीच्या घाटात मालट्रकांच्या मागे पावलापावलाने सरकत असता क्लचचे पेडल एकाएकी हलके लागते, तळाशी जाऊन बसते आणि वर येत नाही. गिअर पडेनासा होतो, मागून हॉर्नचा गिल्ला उठतो, आणि गांगरलेल्या वाहनधारकाच्या मनात पहिला विचार येतो तो क्लच प्लेट जळाल्याचा. हा तर्क पुष्कळदा चुकीचा ठरतो. प्लेट झिजली असता इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, चढावर जळका वास येतो, आणि पेडल मात्र सहसा पायाला दाद देत असते. पेडलच बसले असेल तर दोष बहुधा दाब वाहून नेणाऱ्या तेलाच्या व्यवस्थेत असतो; आणि हा भेद ज्याने गाडी वर्कशॉपमध्ये शिरण्यापूर्वीच मनाशी पक्का केला, त्याची हमीची अर्धी बाजू तेथेच बळकट होते, असे माझे मत आहे.

कित्येक लहान गाड्यांत पेडलाची ओढ आजही तारेच्या केबलने पोहोचते. हायड्रॉलिक रचनेत मात्र पेडलामागचा मास्टर सिलिंडर तेलावर दाब देतो, आणि बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या सिद्धांतानुसार तो नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचून क्लच सोडवतो. तेल सहसा दबत नाही, हवा दबते. म्हणून गळतीमुळे तेल घटून नळीत हवा शिरली की पायाचा सारा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो. त्यातून येथे वापरतात ते ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेणारे. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. हेच पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवते, आणि त्या खरखरीत भिंतीवर रबरी सील घासून फाटतात.

मास्टर सिलिंडरची गळती पाहावयाची तर चालकाच्या जागी वाकून, पेडलाचा दांडा इंजिनाकडील पत्र्यात जेथे शिरतो तेथे बोट फिरवावे. बुळबुळीत ओल हाताला लागते, आणि ती जुनी असेल तर पत्र्याचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात. स्लेव्ह सिलिंडर बाहेरच्या अंगास असेल तर त्याचे रबरी आवरण मागे सारताच तेल ठिबकते. कोठेच ओल नाही, तेलाची पातळीही उतरलेली नाही, आणि तरी दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर मास्टर सिलिंडरमधील सील आतल्या आत दाब सोडत आहे असे समजावे. खरी पंचाईत होते ती स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेल्या गाड्यांत. तेथे गिअरबॉक्स उतरवल्यावाचून दोष दिसत नाही, आणि सुट्या भागापेक्षा मजुरीच जड होते. अनेक गाड्यांत क्लचचे व ब्रेकचे तेल एकाच डबीतून येते, हे ध्यानात घेता अशी गाडी तशीच रेटीत नेण्याचे धाडस कोणी करू नये.

आता हमीपत्राकडे वळू. मुदत किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, सामग्रीतील अथवा बनावटीतील दोष कंपनी विनामूल्य दूर करील, असे त्यात सामान्यतः लिहिलेले असते. आणि वापराने झिजणाऱ्या भागांच्या यादीत क्लच प्लेट घालून ती या कक्षेतून वगळलेली असते. पुष्कळ तंटे उद्भवतात ते येथेच. मास्टर व स्लेव्ह सिलिंडर हे घर्षणाने झिजण्यासाठी घडवलेले भाग नव्हेत. तरीही केवळ ‘क्लच’ असे मोघम लिहून ग्राहकाच्या हाती बिल ठेवले जाते, ही गोष्ट मला सर्वथा अन्यायाची वाटते. म्हणून जॉब कार्डावर ‘पेडल बसते, तेल गळते’ अशी लक्षणांची नोंद करून घ्यावी, गिअरबॉक्स उतरवताना समक्ष हजर राहण्याची मागणी करावी, आणि वगळलेल्या भागांची यादी नजरेखालून घालावी, कारण काही कंपन्या रबरी भागही त्यात घालतात. गळलेल्या तेलाने प्लेट भिजून निकामी झाली असेल, तर ते नुकसान मूळ दोषाचाच परिणाम आहे, असा लेखी दावा अवश्य करावा. कंपनीचीही बाजू कधी न्याय्य असते: कोणी डबीत इंजिन ऑइल ओतले, तर खनिज तेलाने रबर फुगते, आणि तो दोष कारखान्याच्या माथी मारता येत नाही. तेल ठरल्या मुदतीत बदलल्याच्या पावत्या जपाव्यात त्या याचसाठी.

वर्कशॉपने व कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजून घेतलेल्या गाडीची फिर्याद, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल करता येते. आणि तपासणीवाचून दोषाचा निर्णय होण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. तेव्हा उतरवलेला सिलिंडर भंगारात जाऊ न देता मालकाने आपल्या ताब्यात घ्यावा, आणि हमीखाली बदलून दिल्याने तो कंपनीकडे जाणार असेल, तर त्यावरील क्रमांक व फाटलेले सील स्पष्ट दिसेल असे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.