घुबडासाठी पिंजरा

न्यूझीलंडमधली माणसे परसात उंदरांचे सापळे लावतात ते पाखरांसाठी. वटवाघळे सोडली, तर त्या बेटांवर जमिनीवरचा सस्तन प्राणी मूळचा नव्हताच. जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली. २०५० पर्यंत देश उंदीरमुक्त करण्याचा निर्धार सरकारने २०१६ साली जाहीर केला आणि गल्लोगल्लीचे लोक त्यात उतरले.

तो जहाजी काळा उंदीर मूळचा भारतीय द्वीपकल्पातला. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात तो घरचा आहे, आणि त्याला खाणारेही घरचेच: नाग, धामण, पिंगळा, गव्हाणी घुबड. त्यामुळे सातारा-सांगलीत प्रश्न वेगळा पडतो. उंदीर मारताना त्याला खाणारा मरू नये, एवढे साधायचे आहे.

कराड, वाळवा, पलूसच्या उसात उंदरांना पाचटाचा आडोसा आणि कांड्यांचा गोडवा दोन्ही मिळते. ऊस तुटला की ते शेजारच्या रानात, गोठ्यात, घरात शिरतात. मग दुकानातून ब्रोमाडिओलोनच्या वड्या येतात. हे विष रक्त गोठू देत नाही. पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मलूल होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. त्याच्या अंगातले विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लांसह वर्षाला हजाराच्या आसपास उंदीर खाऊ शकते. असा राखणदार गमावणे शेतकऱ्याला परवडणारे नाही.

पिंजऱ्याने हे टळते. पण एकट्याने लावून भागत नाही, शेजारच्या बांधावरचे उंदीर मोकळ्या बिळांत येऊन राहतात. म्हणून पेरणीआधी, रानात खायला कमी असताना, सगळ्या शिवाराने मिळून काम करावे. संध्याकाळी बिळे बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती वापरातली. पिंजऱ्यात भजे किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवून पहिले काही दिवस दार उघडेच राहू द्यावे, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सकाळी लवकर पाहावे आणि चिचुंदरी अडकली असेल तर सोडून द्यावी. ती किडे खाते. उंदीर पकडायची चिकटपट्टी मात्र नकोच. तिच्यावर सरडा, पाखरू, सापही चिकटून तडफडतो.

उंदीर खाणाऱ्यांशी वागण्याची रीतही बदलता येते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याने नागपंचमीची जुनी रीत बदलून दाखवली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर तिथले जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या. नीरेपलीकडे, पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत, इला फाउंडेशन या संस्थेने २०१८ साली घुबडांचा महोत्सव भरवला आणि ज्याला अशुभ म्हणून हाकलायचे त्याची चित्रे पोरांनी काढली.

दिवाळीत काही ठिकाणी आजही अंधश्रद्धेपायी घुबडांचा बळी जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. असे काही कानावर आले तर वनखात्याला कळवा, आणि घरात उंदीर झाले असतील तर विषाच्या वडीऐवजी पिंजरा आणा. शेजाऱ्यालाही आणायला सांगा.