हायड्रोजन कुठे बसतो?
पदार्थाच्या पोटात : भाग ६

मागच्या भागात आपण मिठाच्या खड्यापाशी थांबलो होतो. दिघ्यासमोर, खाडीपलीकडे मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरं आहेत. तिथल्या मिठाच्या कणात सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक बसलेले असतात, हे ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांनी दाखवलं. आता क्लोरीनच्या जागी हायड्रोजन आणा. झालं सोडियम हायड्राइड. पण यातला हायड्रोजन नेमका कुठे बसतो? इथे क्ष-किरण अडखळतात. ते विखुरतात इलेक्ट्रॉनांमुळे, आणि हायड्रोजनच्या अणूकडे इलेक्ट्रॉन एकच.

न्यूट्रॉनचं तसं नाही. त्याला विद्युतभार नसतो, म्हणून तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून थेट अणुकेंद्रापर्यंत पोचतो. तिथे हायड्रोजनही त्याला ठळक जाणवतो. चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉन शोधला. स्फटिकातून जाताना तो लाटेसारखा वागतो, हे १९३६ मध्ये दिसलं. मात्र तेव्हा न्यूट्रॉन मिळत रेडियम-बेरिलियमच्या मिश्रणातून, अगदी तुटपुंजे. खरी सोय झाली अणुभट्टी आल्यावर. अमेरिकेत ओक रिज इथे अर्नेस्ट वोलन आणि १९४६ साली त्यांना येऊन मिळालेले क्लिफर्ड शल यांनी भट्टीतला झोत स्फटिकांवर सोडला. १९४८ साली उत्तर मिळालं : सोडियम हायड्राइडची मांडणी मिठासारखीच!

न्यूट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबकही आहे. त्यामुळे १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमधले अणुचुंबक उलटसुलट दिशांना तोंड करून असतात, हेही त्यानेच दाखवलं. शल यांना नोबेल मिळालं १९९४ साली; वोलन तोवर हयात नव्हते.

हे तंत्र आपल्या खाडीकाठी यायला फार वेळ लागला नाही. दिघा गाव स्टेशनवरून वाशीला जा आणि तिथून मानखुर्दची गाडी धरा. पुलावर डावीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्या हौदातलं पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करी. सेकंदाला सुमारे २,२०० मीटर वेगाच्या न्यूट्रॉनची तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम भरते, म्हणजे जवळपास दोन अणूंमधल्या अंतराएवढी. म्हणून तर हे मोजमाप जमतं.

कॅनडात न्यूट्रॉन-शास्त्रज्ञ ब्रॉकहाउस यांच्याकडे काम करून आलेले पी. के. अय्यंगार यांनी इथे न्यूट्रॉन-संशोधनाचा गट उभा केला. १९६० साली ‘सायरस’ भट्टी आली, झोत वाढला. तिच्यावर इथलेच शास्त्रज्ञ सत्यमूर्ती यांच्या गटाने फेराइट या चुंबकीय पदार्थांमधल्या अणुचुंबकांचे कोन मोजले. चिदंबरम यांच्या गटाने अमिनो आम्लांतले हायड्रोजन बंध, म्हणजे हायड्रोजनच्या मध्यस्थीने जुळणारे दुवे, तपासले. झोत क्ष-किरणांच्या मानाने क्षीण, म्हणून एकेका कोनावर थांबून न्यूट्रॉन मोजत राहावं लागे. मोठ्या यंत्रांइतकीच ही चिकाटी मला महत्त्वाची वाटते.

अमिनो आम्लांच्या साखळ्यांचीच प्रथिनं होतात. पुढच्या भागात त्या साखळ्या हायड्रोजन बंध कसे सावरून धरतात ते पाहू.