एकाच दिवशी मांडलेल्या दोन पेट्या

एकाच दिवशी, एकाच बेण्याची लागण केली तरी प्रत्येक सरीत फुटवा सारखा येत नाही, हे आपणांस सांगायला नको. मधमाश्यांच्या पेट्यांचेही तसेच आहे. परंतु नव्याने पेटी ठेवणारा हे विसरतो आणि नको ती घाई करून बसतो. आम्हीही केली.

२०२३ च्या दसऱ्यानंतर आम्ही वस्तीवर सातेरी माशीच्या दोन पेट्या मांडल्या. पहिली वसाहत एका जाणत्या मधपाळाकडून आणलेली. चार फ्रेम माशांनी भरलेल्या, राणी अंडी घालणारी. दुसरी म्हणजे बांधावरच्या बाभळीला लटकलेला लहानसा थवा, तो आम्ही पेटीत घेतला. महिना झाला. पहिलीच्या दारात जत्रेसारखी वर्दळ आणि दुसरीत माशा उलट कमी झालेल्या. शेजारचे आबा म्हणाले, "ही पेटी बसली म्हणायची का उठली?"

हिशेब करून पाहावा. मोहोळातून पहिला मोठा थवा निघतो त्यात जुनी राणी असते. पोळे बांधले की ती लगेच अंड्यावर येते. मागाहून निघणाऱ्या लहान थव्यात नवी राणी असते. ती बाहेर उडून नरांशी संयोग करणार, परत येणार, मग अंडी घालणार. यात दोनेक आठवडे सहज जातात. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला आणखी सुमारे वीस दिवस. म्हणजे पाच आठवडे घरात नवीन भर नाही आणि जुन्या माशा तर रोज मरतच असतात, कारण राबणाऱ्या माशीचे आयुष्य दीड महिन्याच्या आसपास. शिवाय नवी माशी आधी घरातली कामे करते, फुलांवर जाते ती दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा माशा घटल्या की रोगच पडला असे समजू नये.

हे ठाऊक नसल्याने आम्ही दुसरी पेटी रोज उघडून बघत होतो. सातेरी जात भित्री. सारखे छेडले, किंवा आत खायला नसले, की घर टाकून जाते. आमच्याच गटातल्या एका सभासदाची पेटी अशीच एका सकाळी रिकामी सापडली. मग आम्ही शहाणे झालो. आठवड्यातून एकदा, उन्हं वर आल्यावर, एकच फ्रेम उचलून पाहायची. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घराच्या तळाशी एकेक बारीक पांढरे अंडे उभे दिसले म्हणजे राणी कामाला लागली.

दुसरी गोष्ट खाण्याची. ऊस गोड खरा, पण त्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो. चहूकडे ऊसच ऊस असेल तर लहान वसाहत उपाशी पडते. आम्ही साखर व पाणी समभाग घेऊन पाक केला, गार केला आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवला. दिवसा उघड्यावर ठेवाल तर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लूट करतात. गुळाचे पाणी मात्र देऊ नये, माशांना हगवण लागते. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, नाहीतर पाकाच्या वासाने मुंग्या आल्याच.

अंडी दिसल्यावर पहिल्या पेटीतली कोष बंद झालेली एक फ्रेम, माशा झाडून, राणी तिच्यावर नाही याची खात्री करून, दुसरीत दिली. पहिलीचा जोर थोडा कमी झाला. तो तोटा आम्ही पत्करला.

पेटी विकत घेणाऱ्याने लाकूड आणि रंग पाहण्याआधी विचारावे, राणी अंड्यावर आहे का, किती फ्रेममध्ये अंडी-अळी-कोष आहेत? ज्यांना रीतसर शिकायचे त्यांच्यासाठी महाबळेश्वरला मध संचालनालय आहे.

फेब्रुवारीत कांद्याचे बियाणे फुलले. पहिलीतून मध निघाला. दुसरीत माशा सहा फ्रेमवर पसरल्या होत्या. तिच्यातला मध आम्ही त्या वर्षी काढलाच नाही.